उचल आणि ऋण : युरोपीय चित्रपटाला मिळणाऱ्या सार्वजनिक अर्थसाहाय्याविषयी

मराठीत ‘उचल’ या शब्दाला एक बोचरा संदर्भ आहे. ऊसतोडणी कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो आणि त्या क्षणापासून त्याच्या अंगमेहनतीवर दुसऱ्याचा हक्क बसतो. हंगाम संपला तरी उचल फिटतेच असे नाही. फ्रान्समध्ये १९५९ साली, आंद्रे मालरो सांस्कृतिक व्यवहार मंत्री असताना, चित्रपटांना अर्थसाहाय्य देण्याची जी पद्धत सुरू झाली तिचे फ्रेंच नाव मराठीत आणायचे तर ‘उत्पन्नावरील उचल’ असेच आणावे लागेल. संहिता सादर होते, समिती ती वाचते, पसंत पडल्यास चित्रीकरणासाठी रक्कम मिळते आणि पुढे चित्रपटाने कमाई केली तर तीतून ती फेडायची असते. बहुसंख्य चित्रपटांच्या बाबतीत ती पूर्णपणे फिटत नाही. न फिटल्याबद्दल दिग्दर्शकाच्या पुढल्या श्रमांवर कोणी हक्क सांगत नाही. शब्द तोच आणि नाते मात्र नेमके उलटे, असा हा प्रकार आहे. उचल घेणाऱ्याला बांधते, हा आपला अनुभव. येथे ती त्याला मोकळे करण्यासाठी दिली जाते. या उलट्या नात्याला नैतिक आधार कोणता, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न साधा दिसतो. जो चित्रपट मी पाहणार नाही, कदाचित पाहिला तर मला तो आवडणारही नाही, त्याच्यासाठी माझ्याकडून पैसे घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला कोठून येतो? जॉन रॉल्स यांनी १९७१ साली ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये या प्रश्नाला जे उत्तर दिले ते कलाप्रेमी माणसाला अस्वस्थ करणारे आहे. अमुक एक जीवनरीती किंवा अमुक एक कला श्रेष्ठ आहे म्हणून तिच्यासाठी नागरिकांवर सक्तीचा कर बसवणे त्यांना न्याय्य वाटत नाही. ज्यांना लाभ हवा त्यांनी जवळपास एकमताने आपापला वाटा देण्याचे ठरवले तरच असा खर्च समर्थनीय ठरतो. रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अ मॅटर ऑफ प्रिन्सिपल’ या ग्रंथात उदारमतवादी राज्यसंस्थेने कलेला साहाय्य करावे की नाही हा प्रश्न पुन्हा घेतला. त्यांचा युक्तिवाद भाषेच्या दृष्टान्तावर उभा आहे. भाषा कोणा एकाच्या मालकीची नसते आणि ती समृद्ध असण्याचा लाभ तिच्यातले ग्रंथ न वाचणाऱ्यालाही मिळतो. त्याचप्रमाणे संस्कृतीची घडण संपन्न राखणे हे पुढच्या पिढ्यांप्रति आपले देणे आहे, असे ते मानतात. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण तो नेमक्या कोणत्या चित्रपटाला पैसे द्यावेत याविषयी काहीच सांगत नाही. आणि प्रत्यक्षात भांडण नेहमी नेमक्या चित्रपटाशीच येऊन थांबते.

युरोपात ही चर्चा सहसा रॉल्स किंवा ड्वॉर्किन यांच्या भाषेत होत नाही. तिच्या दोन रूढ भाषा आहेत. एक रोजगाराची आणि दुसरी अस्मितेची. पहिलीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. युरोपीय आयोगाच्या २०१३ च्या नियमांनुसार, एखादा देश आपण दिलेल्या साहाय्याच्या १६० टक्क्यांपर्यंतची रक्कम आपल्याच भूमीवर खर्च व्हावी अशी अट घालू शकतो. मात्र ती निर्मितिखर्चाच्या ८० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. साखर कारखान्याला किंवा बंदराला दिलेल्या सवलतीचे समर्थन जसे करता येईल तसे याचे करता येईल, आणि तेवढ्यापुरतेच. सुतार आणि प्रकाशयोजनाकार यांना काम मिळाले म्हणजे चित्रपट असण्याचे कारण सिद्ध होत नाही.

अस्मितेची भाषा अधिक गंभीर आहे, आणि तिची परीक्षाही तितकीच कडक असली पाहिजे. मे १९४६ मध्ये ब्लुम-बर्न्स करार झाला. युद्धकाळातील कर्जमाफीच्या व नव्या कर्जाच्या मोबदल्यात फ्रान्सने अमेरिकी चित्रपटांना दरवाजे उघडले आणि चित्रपटगृहांत दर तिमाहीतले फक्त ४ आठवडे फ्रेंच चित्रपटांसाठी राखून ठेवले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय चित्रपट केंद्राची स्थापना झाली. जानेवारी १९४८ मध्ये चित्रपट व्यवसायातील लोक पॅरिसच्या रस्त्यावर उतरले आणि सप्टेंबरमध्ये साहाय्याचा कायदा आला. कायदा स्वत:ला तात्पुरता म्हणवत होता. त्याने उभी केलेली व्यवस्था आजही चालू आहे. पुढे १९९३ च्या शरद ऋतूत, गॅट कराराच्या उरुग्वे फेरीची अखेर जवळ आली असताना, हाच वाद साऱ्या युरोपचा झाला. त्याच आठवड्यांत फ्रान्समध्ये झोलाच्या १८८५ मधील कादंबरीवरचा क्लोद बेरी यांचा ‘जर्मिनाल’ आणि स्पीलबर्ग यांचा ‘ज्युरासिक पार्क’ समोरासमोर आले. ‘जर्मिनाल’च्या लील येथील पहिल्या खेळाला राष्ट्राध्यक्ष मित्तराँ स्वत: उपस्थित होते. डिसेंबरमध्ये युरोपीय समुदायाने दृक्‌श्राव्य क्षेत्राबाबत कोणतीही बांधिलकी न स्वीकारता करार केला. ‘सांस्कृतिक अपवाद’ हा शब्दप्रयोग त्या करारात नाही हे मुद्दाम सांगितले पाहिजे. जे युरोपने मिळवले ते एक मौन होते, आणि त्या मौनाला नंतर घोषणेचे रूप आले. २००५ मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेविषयीचा करारनामा संमत केला. त्याच्या बाजूने १४८ मते पडली आणि विरोधात दोन, अमेरिका व इस्रायल यांची.

अस्मितेचा युक्तिवाद मोजमापाला लावला म्हणजे त्याचे काय होते ते १९९२ च्या युरोपीय सहनिर्मिती करारात पाहावे. तीन किंवा अधिक देशांनी मिळून केलेला चित्रपट ‘युरोपीय’ ठरण्यासाठी त्याला १९ पैकी किमान १५ गुण मिळावे लागत. दिग्दर्शक युरोपीय असेल तर ३ गुण, पटकथाकार ३, प्रमुख भूमिकेतील नट ३, दुसऱ्या भूमिकेतील २, तिसऱ्या भूमिकेतील १, संगीतकार १, छायालेखक १, संकलक १, आणि याच रीतीने पुढे चित्रीकरणस्थळापर्यंत. २०१७ च्या सुधारित करारात हे कोष्टक बदलले, पण कोष्टक राहिलेच. आपल्याकडे देशीवादाची चर्चा ज्यांनी वाचली आहे त्यांना हा प्रकार पाहून हसू आवरणार नाही. नेमाड्यांच्या मांडणीवर कितीही आक्षेप असोत, छंदाला एक गुण आणि कवीच्या गावाला तीन, असे देशीयतेचे गुणपत्रक कोणी काढलेले नाही. तरीही या कोष्टकात एक प्रामाणिकपणा आहे. चित्रपटाच्या आशयात युरोपीयत्व शोधण्याची जबाबदारी ते घेत नाही. फक्त माणसे मोजते. आशय मोजू लागणारी व्यवस्था यापेक्षा कितीतरी घातक ठरली असती.

अस्मितेच्या भाषेची खरी अडचण वेगळीच आहे. अर्थसाहाय्याचे जे सर्वात उदात्त नमुने आहेत त्यांचे स्पष्टीकरण तिला देता येत नाही. स्वीडनमध्ये १९६३ साली हॅरी शाइन यांच्या पुढाकाराने चित्रपट संस्था स्थापन झाली. २५ टक्क्यांचा करमणूक कर रद्द झाला आणि त्याच्या बदल्यात चित्रपटगृहांनी प्रत्येक तिकिटामागे १० टक्के रक्कम या संस्थेला देण्याचे मान्य केले. तीन वर्षांनी ब्रेसाँ यांचा ‘ओ आझार बाल्ताझार’ आला. एका गाढवाच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतची ही कथा फ्रेंच खेड्यात घडते आणि फ्रेंच भाषेत बोलते. तिच्या निर्मात्यांत स्वीडिश चित्रपट संस्था होती. स्टॉकहोममध्ये कोणत्या तरी हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटाला बसलेल्या प्रेक्षकाच्या तिकिटातला अंश अशा रीतीने त्या गाढवापर्यंत पोहोचला. येथे स्वीडिश अस्मितेचे कोणते रक्षण झाले? मला यात एका अनोळखी प्रेक्षकाने दुसऱ्या अनोळखी प्रेक्षकासाठी ठेवलेली रक्कम दिसते.

तिकिटावरील आकारणीचा विचार येथे थोडा थांबून केला पाहिजे, कारण रॉल्सच्या आक्षेपाला मिळालेले सर्वात चांगले व्यावहारिक उत्तर तिच्यात आहे. फ्रान्समध्ये तिकिटाच्या किमतीचा सुमारे १०.७ टक्के भाग राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो. दूरचित्रवाणी वाहिन्या, चित्रफिती आणि पुढे मागणीनुसार चित्रपट दाखवणाऱ्या सेवा यांच्यावरही अशाच आकारण्या बसत गेल्या. म्हणजे चित्रपट न पाहणाऱ्या शेतकऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. पाहणाऱ्याकडून घेतले जातात. पण आकारणी चित्रपटाचे राष्ट्रीयत्व विचारत नाही. १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’ला झालेल्या गर्दीतूनही निधीत भर पडली आणि तो निधी फ्रेंच निर्मात्यांकडे गेला. अमेरिकी निर्मात्यांची तक्रार होती की आमच्या प्रेक्षकांच्या खिशातून आमचे प्रतिस्पर्धी पोसले जातात. तक्रारीत तथ्य आहे. तिला उत्तर द्यायचे तर ‘आमचे प्रेक्षक’ या शब्दांपासूनच सुरुवात करावी लागेल. प्रेक्षक कोणत्या अर्थाने एखाद्या चित्रपटाच्या मालकीचा असतो? तिकीट काढताना तो एका कथेसाठी पैसे मोजतो हे खरे, पण कथा समजण्याची क्षमता त्याने त्या तिकिटाबरोबर विकत घेतलेली नसते. ती त्याला आधीच्या शेकडो चित्रपटांनी दिलेली असते. स्पीलबर्ग यांनी १९७७ च्या ‘क्लोज एन्काउंटर्स’मध्ये त्रुफो यांना नट म्हणून बोलावले, ही घटना मला या दृष्टीने बोलकी वाटते. दिग्दर्शकांना स्वत:ला आपली भाषा कोठून आली हे ठाऊक असते. निर्मात्यांच्या वकिलांना ते ठाऊक असण्याची गरज नसते. ड्वॉर्किन यांच्या भाषेच्या दृष्टान्ताला येथे हाडामांसाचा आधार मिळतो. आकारणी हे त्या सामायिक भाषेचे भाडे आहे असे म्हटले तर ती सक्ती फारशी जाचक वाटत नाही.

तरीही ती सक्ती आहे. स्वित्झर्लंडसारख्या देशात नागरिकांना याविषयी प्रत्यक्ष विचारले गेले. ४ मार्च २०१८ रोजी दूरचित्रवाणी व नभोवाणीचे सक्तीचे शुल्क रद्द करण्याचा प्रस्ताव मतदारांनी ७१.६ टक्के मतांनी फेटाळला. १५ मे २०२२ रोजी प्रवाही चित्रसेवांनी स्विस उत्पन्नातील ४ टक्के रक्कम स्विस चित्रपटात गुंतवावी हा कायदा ५८.४ टक्के मतांनी मान्य झाला. या आकड्यांनी समर्थकांना समाधान वाटावे हे स्वाभाविक आहे. पण बहुमत म्हणजे रॉल्सना अभिप्रेत असलेले एकमत नव्हे. ४१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ‘नाही’ म्हटले, आणि त्यांचेही मासिक शुल्क त्याच सेवांकडे जाते. हंगेरीत २०११ नंतर चित्रपटनिधीचा पैसा लॉटरीवरील करातून उभा राहिला. संमतीच्या दृष्टीने हा प्रकार आणखी विचित्र आहे, कारण नशीब अजमावणारा माणूस तेथे नकळत कलेचा आश्रयदाता होतो.

संमतीचा प्रश्न असा पूर्ण सुटत नाही, आणि तो सुटणार नाही असे गृहीत धरूनच पुढे गेले पाहिजे. ज्याची संमती पूर्णपणे मिळालेली नाही त्याचा पैसा कलाकृतीला दिल्यावर देणाऱ्याचा त्या कलाकृतीवर काही हक्क उरतो का? माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील निर्णायक प्रश्न हा आहे. १९८३ साली पश्चिम जर्मनीत तो उघडपणे विचारला गेला. हेर्बेर्ट आख्टर्नबुश यांच्या ‘दास गेश्पेन्स्ट’ या चित्रपटात बव्हेरियातील एका मठातला क्रूसावरील ख्रिस्त खाली उतरतो आणि मठाच्या प्रमुख स्त्रीबरोबर आजच्या जगात हिंडतो. गृहमंत्री फ्रीडरिश त्सिमरमान यांनी दिग्दर्शकाला कबूल झालेल्या ३ लाख मार्कांपैकी ७५ हजारांचा शेवटचा हप्ता रोखला. मंत्र्यांची बाजू सहज धुडकावण्यासारखी नाही. श्रद्धावान करदात्याच्या पैशातून त्याच्याच श्रद्धेची विटंबना का व्हावी, हा प्रश्न सभ्य माणूसही विचारू शकतो. पण त्या हप्त्याच्या रोखण्यातून उचल पुन्हा मुकादमाची झाली. पैसा देताना जे नाते मोकळे करण्याचे होते ते घेताना बांधण्याचे ठरले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक अर्जदाराला ते कळले.

याउलट १९६६ चा फ्रान्समधील प्रसंग. झाँ जेने यांच्या ‘ले पारावाँ’ या अल्जेरियाच्या युद्धाला भिडणाऱ्या नाटकाचा प्रयोग अनुदानित ओदेआँ नाट्यगृहात झाला. दंगे झाले, आणि अंदाजपत्रकाच्या चर्चेत काही सभासदांनी त्या नाट्यगृहाचे अनुदान कापण्याची सूचना मांडली. मालरो यांनी सभागृहात नाटकाचा बचाव केला, आणि तो नाटक निर्मळ आहे असे सांगून केला नाही. मालरो यांना यासाठी पूर्ण गुण द्यावेत असे मात्र नाही. त्याच वर्षी दिदरोच्या कादंबरीवर जाक रिव्हेत यांनी केलेल्या चित्रपटावर त्यांच्याच सरकारच्या माहिती खात्याने बंदी घातली होती. ती पुढच्या वर्षी उठली. एका हाताने देणारी आणि दुसऱ्या हाताने झाकणारी अशी ही राज्यसंस्था होती. पण त्या दोन हातांमधले अंतर राखता येते, एवढे त्या भाषणाने सिद्ध केले.

आडोर्नो यांनी १९६० च्या ‘संस्कृती आणि प्रशासन’ या निबंधात ही कोंडी नेमकी पकडली आहे. नियोजन व प्रशासन यांच्या कक्षेत आली की संस्कृतीला इजा होते. आणि तिला तिच्यावरच सोपवले तर तिचा प्रभावच काय, अस्तित्वही धोक्यात येते. मराठी सौंदर्यशास्त्रात रा. भा. पाटणकरांनी केलेली लौकिकतावाद व अलौकिकतावाद ही विभागणी येथे आठवते. चित्रपट ही अशी कला आहे की तिच्या संदर्भात शुद्ध अलौकिकतावादी भूमिका घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याचे भाडे द्यावे लागते. कवीला स्वायत्ततेचा दावा कागद-पेन्सिलीवर करता येतो. दिग्दर्शकाला तो दुसऱ्याच्या पैशावरच करता येतो, मग तो पैसा पेढीचा असो, प्रेक्षकाचा असो की राज्याचा.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने एका गोष्टीकडे अधिक लक्ष द्यायला हवे, आणि तिच्याकडे फारसे कोणी दिलेले दिसत नाही. या व्यवस्थेने एक वाङ्मयप्रकार जन्माला घातला आहे. समितीसमोर चित्रपट नसतो, कागद असतात. पटकथा, सारांश, आणि आपण हा चित्रपट का करू इच्छितो हे सांगणारे दिग्दर्शकाचे मनोगत. इझर यांची ‘गर्भित वाचक’ ही संकल्पना येथे जवळजवळ शब्दश: लागू पडते, कारण या लेखनाचा वाचक खरोखरच ठरलेला आहे: एका खोलीत बसलेले काही लेखक, निर्माते व दिग्दर्शक. त्यांना पटावे म्हणून शांततेचे वर्णन करावे लागते, नटाच्या चेहऱ्यावर काय दिसेल ते आधी वाक्यात आणावे लागते. जो दिग्दर्शक चित्रीकरणाच्या जागी गेल्यावरच विचार करू शकतो त्याच्यावर यात अन्याय होतो, आणि ज्याची गद्यशैली चांगली आहे त्याला अकारण झुकते माप मिळते. विषयाच्या निवडीवरही परिणाम होतो. समितीला अभिमान वाटेल अशी दु:खे कोणती, हे अर्जदार लवकर शिकतात. हा दबाव मंत्र्याच्या आदेशापेक्षा सौम्य आहे, म्हणूनच तो ओळखायला अवघड आहे.

डेन्मार्कने १९७२ च्या कायद्यानंतर यावर एक वेगळा उपाय केला. तेथे ठरावीक मुदतीसाठी नेमलेला एकेक सल्लागार आपल्या एकट्याच्या पसंतीने चित्रपटाची शिफारस करतो. समितीची सरासरी रुची त्यामुळे टळते आणि चुकीला एक नाव मिळते. मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. एकट्या माणसाची लहर ही समितीच्या समंजसपणापेक्षा कलेला अनेकदा मानवते. अर्थात लहरीवर व्यवस्था उभी करता येत नाही, याचेही उदाहरण आहे. हंगेरीत ज्या सरकारी आयुक्ताच्या हाती चित्रपटनिधी सोपवला होता ते अँडी वायना हे हॉलिवूडमध्ये ‘रॅम्बो’ मालिकेचे निर्माते होते. त्यांच्या कारकिर्दीत लास्लो नेमेश या नवख्या दिग्दर्शकाच्या ‘सन ऑफ सॉल’ला, आउश्वित्झमधील एका कैद्याच्या दीड दिवसाच्या कहाणीला, साहाय्य मिळाले. २०१५ साली कान महोत्सवाने आणि पुढच्या वर्षी ऑस्करने त्याचा सन्मान केला. या चित्रपटाने त्या केंद्रित व्यवस्थेचे समर्थन होते असे मानणारे आहेत. मी मानत नाही. वाईट रचनेतून चांगली कृती निघते तेव्हा तिचे श्रेय रचनेला द्यायचे नसते, इतके तरी साहित्येतिहासाने आपल्याला शिकवले असावे.

अखेरीस एक उदाहरण आपल्या भाषेतले. रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचे संस्थापक ह्युबर्ट बाल्स १९८८ साली निवर्तले आणि त्यांच्या नावाने एक निधी सुरू झाला. तो आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका येथील दिग्दर्शकांना साहाय्य करतो. त्याच्या पैशात अनेक वर्षे डच परराष्ट्र मंत्रालयाचा वाटा होता. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’च्या संहितेला लेखनाच्या टप्प्यावर या निधीचे साहाय्य मिळाले. २०१४ साली व्हेनिसमध्ये तो प्रथम दाखवला गेला. मुंबईचे खालचे न्यायालय, एक वृद्ध लोकशाहीर, आणि त्याच्या गाण्यामुळे एका गटार-कामगाराने आत्महत्या केली असा आरोप. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी यांच्यात अडखळणारे ते साक्षीपुरावे नेदरलँड्‌समधल्या बहुतेक करदात्यांनी कधीच ऐकले नसतील. त्यांच्या अस्मितेचे रक्षण त्यातून झाले नाही. रॉटरडॅमच्या सुताराला त्यातून काम मिळाले नाही. तेथल्या एखाद्या ट्रामचालकाने जाब विचारला की माझ्या कराचा कवडीएवढा अंश मुंबईतल्या शाहिराच्या खटल्यावर का गेला, तर आतापर्यंत रूढ असलेल्या दोन्ही भाषांत त्याला देण्याजोगे उत्तर नाही. त्याला एवढेच सांगता येईल की स्टॉकहोमच्या एका प्रेक्षकाने पूर्वी एका फ्रेंच गाढवासाठी असेच पैसे दिले होते, त्यालाही कोणी विचारले नव्हते, आणि ते गाढव अजून पडद्यावर चालते आहे. हे उत्तर त्याला पुरेसे वाटेल की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडेच राहतो.